पट्टी सोडू नकोस, आई

मनिला,
३० डिसेंबर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी ठणठणीत आहे. रोज फोन होतो तरी लिहायला बसले, कारण फोनवर मोतीबिंदूचा विषय निघाला की आई "ऊसतोड होऊ दे, मग बघू" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात कोंबते. पत्राचं तसं करता येत नाही. आईला आता अक्षर लागत नाही, म्हणजे बाबाच मोठ्याने वाचणार. तेव्हा बाबा, वर्गात धडा वाचायचात तसं सगळं वाचा, मधलं गाळू नका. दादालाही हाक मारा. त्याच्याबद्दलही थोडं आहे.

आज इथे फिलिपिन्सभर सुट्टी आहे. १८९६ साली आजच्याच तारखेला, सकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी, होसे रिझालला तेव्हा इथे राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारने गोळ्या घालून मारलं. वय ३५. मी नवीन आले तेव्हा मला वाटायचं, हा कुणी सेनापती असणार. गावोगावच्या चौकात पुतळा, रस्त्याला नाव, एक पेसोच्या नाण्यावर तोंड. आणि चौकशी केली तर हा निघाला डोळ्यांचा डॉक्टर! कादंबऱ्या लिहिल्या म्हणून सरकारचा रोष ओढवलेला, कधी लढाईत न उतरलेला डॉक्टर.

सकाळी इंत्रामुरोसला, म्हणजे मनिलाच्या तटबंदीतल्या जुन्या शहरात, जाऊन आले. तिथे फोर्ट सांतियागोत त्याला शेवटी डांबलं होतं. तिथून त्याला मारलं त्या मैदानापर्यंत त्याच्या पावलांचे धातूचे ठसे रस्त्यात बसवलेत. मी एका ठशात पाय ठेवून पाहिला. फार मोठा नाही निघाला. पुढे एक लहान मुलगा लंगडी घातल्यासारखा एकेका ठशावर उड्या मारत चालला होता आणि त्याची आजी मागून ओरडत होती. मैदानावर झेंडा अर्ध्यावर, फुलं, भाषणं. गंमत म्हणजे त्यानेच घरच्यांना लिहून ठेवलं होतं की मला मातीत पुरा, वर एक दगड आणि क्रूस ठेवा, नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा घाला, बस्स. पुण्यतिथ्या नकोत. ते कोण ऐकतंय? आपल्याकडेही जयंतीला डीजे लावणाऱ्या पोरांना त्या माणसाने काय लिहिलंय ते विचारून बघा.

ऑफिसात माझ्या शेजारी बसते तिला म्हटलं, तुम्हाला कॉलेजात रिझाल हा अख्खा विषय असतो ना? तसा १९५६ चा कायदाच आहे, त्याचं चरित्र आणि दोन्ही कादंबऱ्या शिकवल्या पाहिजेत म्हणून. चर्चने तेव्हा मोठा विरोध केला होता. ती हसून म्हणाली, परीक्षेपुरता वाचला आणि विसरले. हे अगदी आपल्यासारखंच.

बाबा, तुम्हाला पटेल असा एक धागा सांगते. हा माणूस उसाच्या घरातला. कालांबा नावाचं गाव आहे, इथून दक्षिणेला, लागुना प्रांतात. तिथे त्याचा जन्म, १९ जून १८६१, अकरा भावंडांत सातवा. वडील फ्रान्सिस्को मेर्कादो घरचे बरे होते, पण जमीन डोमिनिकन पाद्र्यांची. म्हणजे आपल्या भाषेत कूळ. खंड दरवर्षी वाढायचा. रिझाल युरोपातून परत आला तेव्हा गावकऱ्यांनी जमिनीची आणि खंडाची खरी माहिती लिहून काढली, त्याने त्यात मदत केली. परिणाम काय, तर पुढे सैन्य आणून कुळांना घराबाहेर काढलं, त्यात त्याचे आईवडीलही. त्याचा एक मेव्हणा पटकीने गेला, तर त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारली. तुम्ही १ एप्रिल १९५७ ची गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज काढायचात ना, "आजपासून कसेल त्याची", ती मला कालांबाचं घर बघताना आठवत होती. हिरवं रंगवलेलं दोन मजली घर आहे, पुन्हा बांधलेलं. अंगणात विहीर.

आता आई, तुझ्यासाठीचा भाग. त्याची आई तेओदोरा. शिकलेली बाई, हिनेच त्याला अक्षरं शिकवली. एकदा रात्री नारळाच्या तेलाच्या दिव्यापाशी ती वाचून दाखवत होती आणि याचं सगळं लक्ष दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्यांकडे. मग तिने गोष्ट सांगितली, आईचं न ऐकता ज्योतीजवळ गेलेल्या छोट्या पतंगाची. तो जळाला. पोराने ऐकायला शिकावं म्हणून सांगितली हे उघड आहे. पण मोठेपणी त्याने लिहून ठेवलंय की त्याला पतंगाचं चुकलं असं वाटलंच नाही, त्याला उजेडच भारी वाटला. तुझ्या गोष्टींचं मीही असंच करत आले, तेव्हा त्या बाईची कीव येते.

पुढे तो १० वर्षांचा असताना तिच्यावर भावजयीला विष घालायला मदत केल्याचा आळ आला. खोटा. तिला कालांबाहून सांता क्रूझपर्यंत चालवत नेलं, सुमारे ५० किलोमीटर, आणि अडीच वर्षं तुरुंगात ठेवलं. त्यानंतर तिची दृष्टी अधू होत गेली. हा मनिलात वैद्यक शिकत होता, मग माद्रिदला गेला, पॅरिस आणि हायडेलबर्गला नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली डोळ्यांचं काम शिकला. १८८७ मध्ये परत येऊन तिचे डोळे तपासले तर मोतीबिंदू अजून पिकायचा होता. तेव्हा पिकेपर्यंत थांबायला लागायचं. आता लागत नाही, कराडच्या डॉक्टरांनी तुला ते दोनदा सांगितलंय. पुढे हाँगकाँगमध्ये त्याने तिचं ऑपरेशन केलं. नंतर दापितानला पुन्हा केलं. ऑपरेशन उत्तम झालं आणि दोन-चार दिवसांत हिने सांगितलेलं न ऐकता पट्टी सोडली! डोळ्याला संसर्ग झाला. डॉक्टर मुलगा हतबल. त्याने मेव्हण्याला लिहिलं की डॉक्टरने आपल्या घरच्यांवर उपचार का करू नयेत हे आता मला कळलं.

मी हे वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले. जगात कुठेही जा, आया तशाच. म्हणून मावसभावाकडून स्वस्तात करून घेऊ हा तुझा बेत मनातून काढून टाक. परक्या डॉक्टरचं तू निदान ऐकशील.

दापितान म्हणजे मिंदानाव बेटावरचं लांबचं गाव. १८९२ साली सरकारने त्याला तिथे हद्दपार करून टाकलं, चार वर्षं. बाबा, मला विचाराल तर मला हीच चार वर्षं पुतळ्यापेक्षा मोठी वाटतात. हातपाय बांधलेले, टपाल तपासलं जातंय, आणि या माणसाने काय केलं? गावच्या अधिकाऱ्याबरोबर भागीत लॉटरीचं तिकीट घेतलं, ते लागलं, त्याच्या वाट्याला ६,२०० पेसो आले. (तुमचं दिवाळी बंपर कपाटातल्या पंचांगात असतं हे आईला माहीत आहे, लपवू नका.) त्यातले २,००० वडिलांना पाठवले, बऱ्याचशा पैशातून समुद्रकाठी जमीन घेतली. झाडं लावली, दवाखाना काढला. गरिबाकडून पैसे घेत नसे. एका सधन रुग्णाने फी म्हणून गलबतभर साखर दिली म्हणे. गावाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणलं, रस्त्यावर तेलाचे दिवे लावले. मुलांची शाळा काढली, फी नाही, बदल्यात पोरांनी बागेत काम करायचं. शाळेच्या पोरांना भूगोल समजावा म्हणून चौकात मातीचा, चढउतार दाखवणारा मिंदानावचा भलाथोरला नकाशा केला. तो अजून आहे. बाबा, तुम्ही शाळेच्या मागे सह्याद्री केला होतात आणि पहिल्या पावसात कोयना खरोखरची वाहिली होती, ते आठवतंय?

आपल्यालाही असं कुठेतरी टाकलेलं असतंच. मी इथे, तुम्ही निवृत्तीत, दादा त्या पाच एकरांत. "इथून काय होणार" असं म्हणत बसायला रिझालकडे आपल्या सगळ्यांहून जास्त कारण होतं.

एक वाद तुमच्याशी घालायचाच आहे. १८९६ च्या जूनमध्ये बोनिफासिओच्या गुप्त संघटनेचा माणूस, पिओ व्हालेन्सुएला, त्याला भेटायला दापितानला आला. संशय येऊ नये म्हणून बरोबर एक आंधळा रुग्ण घेऊन. उठाव करायचाय, तू हवास. रिझालचं म्हणणं पडलं, शस्त्रं नाहीत, तयारी नाही, लोक उगाच मरतील. डिसेंबरात तर त्याने उठावाचा निषेध करणारं पत्रकच लिहिलं. सरकारला तेही पुरेसं राजनिष्ठ वाटेना, म्हणून छापलं नाही, आणि माणूस मारला उठावाच्याच आरोपाखाली. त्यामुळे इथे आजही भांडण आहे की खरा वीर कोण, हा का बोनिफासिओ. बोनिफासिओला तर १८९७ च्या मे महिन्यात आपल्याच क्रांतिकारकांनी मारलं. तुम्ही लगेच टिळक-आगरकर काढाल, आधी राजकीय की आधी सामाजिक. दशकही तेच. तुम्ही टिळकांकडून बोलाल हे मला माहीत आहे. मला स्वतःला ते पत्रक वाचवत नाही, माझी गाडी तिथेच अडकते. पण १८८८ च्या डिसेंबरात मालोलोस गावच्या २० मुलींनी स्पॅनिश शिकायला रात्रशाळा मागितली, तेव्हा याने लंडनहून त्यांना तगालोग या इथल्या भाषेत लांबलचक पत्र लिहिलं, की पाद्री सांगतो म्हणून मान खाली घालू नका, मुलांना गुलाम म्हणून वाढवू नका. ते वाचून मी आगरकरांकडे सरकते. जानेवारीत आले की अंगणात बसून भांडू.

आता दादा. रिझालला एक थोरला भाऊ होता, पासियानो. १८८२ मध्ये हा धाकटा आईवडिलांना न सांगता बोटीत बसून स्पेनला निघाला, तेव्हा पासियानोला सगळं ठाऊक होतं. मागे राहून शेत बघायचं, खंड भरायचा, वडिलांची बोलणी खायची आणि दर महिन्याला धाकट्याला पैसे पाठवायचे, हे याचं काम. साखरेचा भाव पडला की पैसे उशिरा जायचे. पहिली कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनला छापली, २,००० प्रती, तेव्हा पैसे वेळेत पोचले नव्हते, मित्राने उसने दिले. भावाविरुद्ध जबाब द्यावा म्हणून १८९६ मध्ये पासियानोचा अतोनात छळ केला. त्याने सही केली नाही. पुढे तो क्रांतीच्या फौजेत जनरल झाला, आणि सगळं संपल्यावर पुन्हा शेतीकडे. १९३० मध्ये गेला. धाकट्याचे पुतळे आख्ख्या देशात, याचं नाव पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत.

मी मनिलाला निघाले तेव्हा दादाने पोस्टातली ठेव मोडली होती, हे मला वहिनीने परवा सांगितलं. सात वर्षांनी. दादा, तू वाचत असशील तर काही बोलू नकोस, नुसता मिशीत हस.

संध्याकाळी परत येताना त्याच्या शेवटच्या पत्रांबद्दल वाचत होते. वडिलांना लिहिलंय की माझ्या शिक्षणासाठी तुम्ही सोसलंत आणि मी हे दुःख परत देतोय, क्षमा करा. मरायच्या दिवशी सकाळी सहाला आईला लिहायला बसला. कागदावर तिचं पूर्ण नाव आहे. तारीख, वेळ आहे. खाली सही आहे. मधे काही नाही. इतक्या भाषा येणारा माणूस. तो कागद तिने कुणाकडून वाचून घेतला असेल का, का हातात धरल्यावर तिला दिसलं असेल, ते कळायला मार्ग नाही. मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. मुख हा शब्द इथेही आहे बरं का बाबा, चेहऱ्याला 'मुखा' म्हणतात. आशेला 'आसा', मास्तरला 'गुरो'.

तर आई, मी १८ जानेवारीला उतरते. दादाने २० तारखेची वेळ घेतलीय, तुला सांगितलेलं नाही, आता कळलं. टोळी येवो न येवो, ऊस उभा राहील दोन दिवस. ऑपरेशननंतर थेंब मी घालीन, दिवसातून चार वेळा, मोबाइलवर घंटा लावून. चुलीपुढे बसायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, वाकून केर काढायचा नाही. आणि खाजलं तरी, कितीही खाजलं तरी, पट्टी सोडायची नाही.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, आईच्या जुन्या चष्म्याची काडी तुटलीय म्हणाली, तो फेकू नका. तिला वाटतंय मला माहीत नाही, पण ती अजून तोच घालून तांदूळ निवडते.