व्हाइस चेअरमनच्या मापाने उपाध्यक्ष मोजू नका

संपादक महोदय,

अमेरिकेच्या उपाध्यक्षाची बातमी आली की 'पद शोभेचे आहे, अध्यक्ष सांगेल तेवढे करायचे' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. कोल्हापूर जिल्ह्यात तर साखर कारखान्याचा व्हाइस चेअरमनच डोळ्यांसमोर येतो: संचालकांनी निवडायचा आणि ठरलेली मुदत संपली की राजीनामा घेऊन दुसऱ्याला संधी द्यायची. स्पर्धा परीक्षेची मुले आपल्या उपराष्ट्रपतींवरून अंदाज बांधतात. दोन्ही मापे इथे लागू पडत नाहीत.

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने निवडून येतात. अध्यक्ष मंत्र्याला घरी पाठवू शकतो, उपाध्यक्षाला नाही; त्यासाठी महाभियोगच लागतो. राज्यघटनेने दिलेले रोजचे काम मात्र खरेच थोडे आहे. सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्षपद, आणि तिथेही समसमान मते पडली तरच स्वतःचे मत. बायडेन यांच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी चार वर्षांत ३३ वेळा असे मत दिले, तो उच्चांक आहे. बाकी जबाबदाऱ्या अध्यक्ष देईल तेवढ्याच.

पदाचे वजन कळते ते अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाल्यावर. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन शपथविधीनंतर ३१ दिवसांत वारले. उपाध्यक्ष टायलर यांना पद मिळते की फक्त कामकाज, हे घटनेत स्पष्ट नव्हते. त्यांनी अध्यक्ष म्हणून शपथ घेतली आणि पायंडा पडला. उपाध्यक्षाचीच जागा रिकामी झाली तर ती भरायची सोयही नव्हती. केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन अध्यक्ष झाले, तेव्हा सुमारे १४ महिने देशाला उपाध्यक्षच नव्हता.

१९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही प्रश्न मिटवले. तिचे चौथे कलम मुळातून समजून घ्यावे असे आहे. अध्यक्ष काम करण्यास असमर्थ आहे असे उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातील बहुसंख्य मंत्री लेखी कळवतात, त्या क्षणी उपाध्यक्ष कार्यकारी अध्यक्ष होतो. अध्यक्षाने 'मी समर्थ आहे' असे उलट लिहिले, तर पुन्हा हरकत घ्यायला चार दिवस. हरकत आली तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ४८ तासांत जमायचे आणि २१ दिवसांत निकाल द्यायचा. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत तर अधिकार अध्यक्षाकडे परत. सगळे मंत्री एका बाजूला असले तरी उपाध्यक्षाच्या सहीशिवाय त्यांना हे पाऊल उचलता येत नाही. हे कलम आजवर वापरले गेलेले नाही. तिसरे कलम, म्हणजे अध्यक्षाने आपणहून अधिकार सोपवणे, वापरले गेले आहे: १९ नोव्हेंबर २०२१ रोजी बायडेन यांच्या वैद्यकीय तपासणीवेळी हॅरिस ८५ मिनिटे कार्यकारी अध्यक्ष होत्या.

अशी तरतूद नसली की काय होते, ते नायजेरियाने भोगले. नोव्हेंबर २००९ मध्ये अध्यक्ष यार'आदुआ उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले, पण अधिकार सोपवणारे पत्र त्यांनी संसदेला दिले नाही. पत्राशिवाय उपाध्यक्ष जोनाथन यांचे हात बांधलेले. अखेर ९ फेब्रुवारी २०१० ला, अध्यक्षांनी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीलाच त्या पत्राच्या जागी मानून, संसदेने जोनाथन यांना अधिकार देणारा ठराव केला. पुढे नायजेरियाने घटना दुरुस्त केली: २१ दिवसांत पत्र आले नाही तर संसद साध्या बहुमताने अधिकार सोपवू शकते.

अर्जेंटिनाचे उदाहरण शेतकऱ्यांच्या जिल्ह्याला जवळचे वाटेल. जुलै २००८ मध्ये धान्य निर्यातीवरील करवाढीवर सिनेटमध्ये ३६-३६ अशी मते पडली. उपाध्यक्ष कोबोस यांनी निर्णायक मत आपल्याच सरकारच्या विरोधात दिले आणि करवाढ फेटाळली गेली. अध्यक्षांची मर्जी गेली, तरी कोबोस २०११ पर्यंत पदावर राहिले. त्याच देशात २००१ च्या अखेरीस अध्यक्षांनी राजीनामा दिला तेव्हा उपाध्यक्षपद वर्षभराहून अधिक काळ रिकामे होते. मग पंधरवड्यात खुर्चीवर एकामागून एक माणसे बदलत गेली.

आपल्याकडची रचना वेगळी आहे. उपराष्ट्रपतींना फक्त संसदेचे सदस्य निवडतात आणि त्यांचे मुख्य काम राज्यसभेचे सभापतिपद. ११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले, तेव्हा कोल्हापुरात शिकलेले बी. डी. जत्ती यांनी राष्ट्रपतिपदाचा कारभार पाहिला. पण नवी निवडणूक सहा महिन्यांत घ्यावीच लागते, म्हणून २५ जुलैला त्यांनी तो नीलम संजीव रेड्डी यांच्याकडे दिला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे त्या बदलाने सरकार बदलत नाही. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत मात्र लष्करासकट सारी कार्यकारी सत्ता त्याच घडीला दुसऱ्या माणसाच्या हाती जाते, तीही उरलेल्या पूर्ण मुदतीसाठी.

म्हणून एक विनंती. परदेशातील उपाध्यक्षाची बातमी छापताना एक ओळ जास्तीची द्यावी: तो अमेरिकेसारखा जोडीने निवडून आला आहे, फिलिपाइन्ससारखा स्वतंत्र मतांनी, की तुर्कस्तानसारखा अध्यक्षाने नेमलेला आहे. फिलिपाइन्समध्ये दोघे विरुद्ध पक्षांचे असू शकतात आणि तुर्कस्तानात नेमणारा त्याला काढूही शकतो, हे ठाऊक नसेल तर बातमीतला वाद वाचकाला उलगडत नाही.

– राज्यशास्त्राचा एक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर