तोन्, सूऽऽ, तोन्

नागोया
२ जानेवारी

प्रिय पश्या,

सप्रेम नमस्कार. नव्या वर्षाच्या तुला आणि घरच्या सगळ्यांना शुभेच्छा.

आज इथे काकीझोमे, म्हणजे वर्षाचं पहिलं लिखाण. २ जानेवारीला कुंचला आणि सुमीची काळी शाई घेऊन वर्षातलं पहिलं अक्षर काढायचं, अशी जुनी रीत आहे. मी दर शनिवारी ज्या आजींकडे शोदो, म्हणजे कुंचल्याचं सुलेखन, शिकायला जातो, त्यांच्याकडे आम्ही सात-आठ जण सकाळीच जमलो होतो. घरी आलो आणि तडक तुला लिहायला बसलो. आज जे झालं ते तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही.

मी आडवी रेघ ओढत होतो. शेवट लेचापेचा झाला. आजींनी लाल शाईचा कुंचला उचलला आणि माझ्या काळ्या रेघेवरूनच त्यांची रेघ फिरवली. फिरवताना हलक्या आवाजात म्हणाल्या, "तोन्, सूऽऽ, तोन्." टेकव, ओढ, थांब. इथले बरेच सुलेखन शिक्षक मुलांना असंच शिकवतात. दीड वर्ष मी हे ऐकतोय, पण आज अंगावर काटा आला. अरे, हे तर तबल्याचे बोल आहेत! मिरजेत तुझे गुरुजी तुला पढंत करायला बसवायचे ना? आधी तोंडानं म्हण, हातावर ताल धर, मग डग्ग्याला हात लाव. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. तेच आज इथे कागदावर चाललं होतं.

आजच ते कानात शिरलं, याचं कारण एक जुना व्हिडिओ गेम. हसू नकोस. इथल्या ओसूच्या बाजारात जुन्या वस्तू धुंडाळताना मला 'रिदम तेंगोकू' सापडला. तेंगोकू म्हणजे स्वर्ग. २००६ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी फक्त जपानात आलेला हा गेम. संगीत त्सुंकू यांचं. इथल्या पॉप संगीतातलं फार मोठं नाव. गेम बनवणाऱ्या मंडळींना त्यांनी आधी नाच शिकायला पाठवलं होतं. लय अंगात उतरल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. पुढे घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. २०१५ साली विद्यापीठाच्या एका समारंभात त्यांनी ते जाहीर केलं तेव्हा ते मंचावर उभे होते आणि त्यांचे शब्द पडद्यावर उमटत होते.

तर या गेममध्ये लहान लहान खेळ आहेत. एकात दोघे रॅपर उभे. पहिला ओळ फेकतो, उत्तर तू द्यायचंस, पण नेमक्या जागेवर. दुसऱ्यात पांढरा कागद आणि कुंचला धरलेला हात. अक्षर तो हातच काढत आणतो, निर्णायक फटकारा मात्र तुझ्या बटणावर. डोळ्यांनी बघत बसलास तर चुकतोस. मी डोळे मिटून खेळलो आणि जमलं. रॅप आणि शोदो एकाच डबीत ठेवणाऱ्यांना नमस्कार करावासा वाटला. दोन्हीकडे वेळ गेली की गेली. शोदोत रेघेवर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, हा पहिला नियम. लाल शाईचा तो अधिकार फक्त आजींचा.

जपानी भाषाच मात्रेवर चालते, पश्या. 'तोक्यो' आपण दोन अक्षरांत उडवतो. हे लोक मोजतात तो-ओ-क्यो-ओ, चार. आपल्या वृत्तांच्या हिशेबानंही चारच की! 'किते' म्हणजे 'ये', दोन मात्रा. 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट, तीन मात्रा, कारण मधल्या अर्ध्या त साठी पूर्ण एक मात्रा थांबायचं. आवाज नाही, पण मात्रा आहे. दमदार तिहाईत तोच तुकडा तीनदा वाजवताना तू मधे थांबतोस, तो दम हाच ना? जपानी रॅप ऐकताना मी आता त्या अर्ध्या त ची वाट बघतो.

लयीच्या गेमची ही वाट आधी मासाया मात्सुउरा या जपानी गेमकारांनी पाडली. १९९६ चा 'पारप्पा द रॅपर'. कागदासारखा चपटा कुत्रा, आणि नावातही कागदासारख्या पातळपणावरचा श्लेष. गुरू एक ओळ रॅप करतो, आपण बटणांवर तीच परत म्हणायची. पुन्हा पढंतच! गंमत म्हणजे ओळ जशीच्या तशी परत केलीस तर फक्त 'गुड'. 'कूल' व्हायचं तर लय सांभाळून स्वतःचं काहीतरी घालावं लागतं. तुझे गुरुजी कायदा पाठ झाल्यावर त्याच बोलांची उलटसुलट मांडणी, म्हणजे पलटे, स्वतः बांधायला लावायचे, ते आठवलं. २०१७ मध्ये मात्सुउरांनी केइइची यानो या दुसऱ्या गेमकारांबरोबर, जुन्या जपानसारख्या जगात रॅप करणाऱ्या सशाचा गेम लोकवर्गणीतून करायला घेतला होता. पैसे जमले नाहीत. तो कधीच खेळायला मिळणार नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

एप्रिलमध्ये येताना गेम घेऊन येतो. आवाज मोठा करून, डोळे मिटून खेळ. मला खात्री आहे, पहिल्याच बैठकीत तू माझ्या पुढे जाशील.

सोबत आज लिहिलेला कागद पाठवतोय. अक्षर 'एइ', अर्थ चिरंतन. कुंचल्याचे आठही प्रकारचे फटकारे या एकाच अक्षरात येतात, म्हणून शिकणारे ते घोटत बसतात. उजवीकडे खाली जाणारी शेवटची तिरकी रेघ बघ, आजींची लाल शाई तिथेच सगळ्यात जास्त आहे. तिथे सुटण्याआधी कुंचल्यानं क्षणभर थांबायला हवं होतं, आणि मी घाई केली. तू त्या रेघेवरून बोट फिरव, तोंडानं म्हणून बघ, आणि माझा दम किती मात्रांनी कमी पडला ते मला कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार. चिमीला गोड पापा.

तुझा,
अवधूत