बाळा, ते फुटेज अंकलना दे

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल फोन ठेवला तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. रात्री दोनदा उठून पाणी प्यायले. बाबा म्हणाले, पुढच्या फोनला बोल की त्याच्याशी, पण फोनवर तू "आई, मी जरा कामात आहे" म्हणणार आणि विषय तिथेच राहणार, म्हणून लिहूनच पाठवतेय. मेसेज लांबलचक होणार आहे पण सगळा वाच, मधेच सोडून "हो आई" असं पाठवू नकोस.

तू किती सहज सांगितलंस काल. तिकडे कॅनडात तुमच्या समोरच्या अंकलची हायलँडर गाडी पहाटे ड्राइव्हवेतून चोरीला गेली, दोघं आले, एक जण दाराजवळ काहीतरी पिशवीसारखं धरून उभा राहिला, दुसरा गाडीपाशी, दोन मिनिटांत गाडी रस्त्यावर, आणि हे सगळं तुमच्या दाराच्या बेलमधल्या कॅमेऱ्यात आलंय. मागे थांबलेली त्यांची गाडीसुद्धा दिसतेय, नंबरप्लेटचे तीन-चार आकडे वाचता येतायत. इथपर्यंत मी ऐकत होते. मग तू म्हणालास की अंकल सकाळी विचारायला आले होते आणि मी त्यांना सांगितलं, कॅमेऱ्याचं चार्जिंग उतरलं होतं. आणि वर म्हणालास, "आई, आपण कशाला पडायचं त्यात."

बाळा, हे वाक्य मी आधी ऐकलंय, शब्दन् शब्द हेच, आणि कुठे ऐकलंय ते तुला कधीच सांगितलं नाही. आज सांगते.

२०२१ ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. तू हॉस्टेलवर परत गेला होतास. पहाटे साडेपाचला बाबांनी जेवणाचे डबे पोचवायला आपली ईको व्हॅन चालू केली तर असा आवाज आला की मी पोळ्या टाकून बाहेर पळत आले, ट्रॅक्टर उभा आहे की काय असं वाटावं. बाबा खाली वाकून बघतात तर सायलेन्सरच नाही. गेटला कुलूप तसंच, गाडी पोर्चमध्ये तशीच, खालचा सायलेन्सर तेवढा गायब. तुला आम्ही इतकंच सांगितलं होतं की "सायलेन्सर चोरीला गेला, नवीन टाकला", आणि तू म्हणालास अरेरे, आणि विषय संपला.

आम्हाला तेव्हा कळेना की सायलेन्सर चोरून कोण काय करणार. मग मेकॅनिकने समजावलं की सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असल्या धातूंचा पातळ थर. गाडीचा विषारी धूर त्यानेच कमी होतो. ते लोक कन्व्हर्टर फोडतात, आतली जाळी कुटून तिची माती करतात आणि ती माती विकतात. रोडियम तर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सोन्याच्या दसपटीहून महाग झालं होतं. आणि ईकोच का, तर ती जमिनीपासून उंच, जॅक न लावता माणूस खाली सरकतो, चार नटबोल्ट सोडवले की काम झालं. मेकॅनिक म्हणाला त्या महिन्यातली त्याच्याकडे आलेली ही तिसरी ईको. शोरूमला विचारलं तर नवीन सायलेन्सर पन्नास हजारांच्या पुढे. आपला इन्शुरन्स थर्ड पार्टी, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही.

बाबा पोलीस स्टेशनला गेले, तीनशे एकोणऐंशी, म्हणजे चोरीच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला. तिथले हवालदार चांगले होते, घरी येऊन पंचनामा करून गेले आणि जाता जाता समोरच्या घराकडे बघून म्हणाले, हा कॅमेरा तुमच्या गेटवरच आहे की, यातलं फुटेज मिळवा, त्यात चेहरा नाहीतर गाडीचा नंबर मिळाला तर काहीतरी होईल, नाहीतर अवघड आहे.

समोरचे काका आठवतात ना. त्यांचा तो गोल पांढरा कॅमेरा बरोब्बर आपल्या पोर्चकडे तोंड करून. बाबा संध्याकाळी गेले, ते म्हणाले बघतो. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाले पासवर्ड मुलाकडे आहे, तो पुण्याला असतो, रविवारी येईल. रविवारी मुलगा आला, त्याची गाडी आम्ही बघितली दारात, बाबा पुन्हा गेले तर म्हणाले डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन, बंद होता त्या रात्री. मग मी गेले. मला वाटलं बाईमाणूस गेलं तर बोलतील नीट. काका गेटमध्येच उभे राहिले, आत ये म्हणाले नाहीत, आणि म्हणाले, "वहिनी, आपण कशाला पडायचं त्यात. उद्या पोलीस डीव्हीआर उचलून नेतील, रेकॉर्डिंग खरं असल्याचं सर्टिफिकेट द्या म्हणतील, कोर्टात साक्षीला बोलावतील, कोण हेलपाटे घालणार." म्हणजे डीव्हीआर बंद नव्हता. त्यांच्याच तोंडून निघालं ते, आणि माझ्या लक्षात आलं हे त्यांनाही कळलं, त्यांनी खाली बघितलं. मीच घरी परत आले.

नंतर हवालदारांनी त्यांना फोन केला तोपर्यंत बारा-तेरा दिवस झाले होते, डीव्हीआरमध्ये जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं, ती रात्र पुसली गेली होती. काही महिन्यांनी पोलीस स्टेशनकडून ए समरीचं कळलं, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडत नाही. फाइल बंद.

आता जे सांगते ते जास्त मनाला लागलेलं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, अख्खं नाशिक ऑक्सिजन बेडसाठी फिरत होतं तेव्हा काकांच्या आईला रात्री अकराला धाप लागली होती. अँब्युलन्सला फोन लागत नव्हता. बाबांनी ईकोतले डब्यांचे क्रेट बाहेर काढले, मागची जागा मोकळी केली, गादी टाकली आणि आजींना घेऊन चार हॉस्पिटलं फिरले, पहाटे तीनला बेड मिळाला. आजी वाचल्या. मी बाबांना तेव्हा भांडले होते की तुम्हाला काही झालं तर, घरात शुगरवाली मी आहे, आणि ते म्हणाले होते शेजारी आहेत, दुसरं कोण जाणार. तीच ईको, बाळा. सात महिन्यांनी त्याच ईकोसाठी एक पेनड्राइव्ह मिळाला नाही.

बाबांनी काकांना कधी हे बोलून दाखवलं नाही. पण सकाळचा पेपर घेऊन गेटवर उभं राहून ते दोघं जे बोलायचे ना, ते बंद झालं. अजूनही बंद आहे. काकांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो, आहेर केला, जेवलो, पण बाबा परत येताना गाडीत गप्प होते. पैसे गेले ते मी भिशीतून उभे केले. आणि आता हेही सांगून टाकते, ते तुझ्या आयईएलटीएसच्या, त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, फीसाठी आणि क्लाससाठी ठेवलेले होते. मी तुला म्हणाले होते ना की तारीख मिळत नाहीये, पुढच्या महिन्यात दे परीक्षा, ते खरं नव्हतं. तुझ्या डोक्याला त्रास नको म्हणून बोलले.

काकांवर मी खूप दिवस चिडून होते. मग पुढे एकदा काकूंनीच सांगितलं की त्यांचा भाऊ एका अपघाताच्या केसमध्ये साक्षीदार होता, रस्त्यात थांबून मदत केली एवढंच, आणि मग वर्षानुवर्षं तारखांना जात राहिला, समोरच्या पार्टीची माणसं घरी येऊन बसायची. काकांनी ते जवळून बघितलं होतं. आणि तेव्हा त्यांची मुलगी सेकंड शिफ्ट करून रात्री एकटी घरी यायची. हे कळल्यावर माझा राग थोडा उतरला. भीती खोटी नसते, मला मान्य आहे. पण बाळा, त्यांनी पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं असतं की भाऊसाहेब मला भीती वाटते, तर बाबांनी त्यांना एका शब्दाने आग्रह केला नसता, पोलिसांशी बोलून काहीतरी मार्ग काढला असता. बघतो, पासवर्ड नाही, बंद होता, या तिन्ही वेळा बाबा त्यांच्यावर विश्वास ठेवून परत आले, आणि त्यात तेरा दिवस गेले.

आणि आता तू म्हणतोस चार्जिंग उतरलं होतं.

तुझी भीती मला कळते रे. परका देश, पीआरचा, म्हणजे तिकडे कायम राहण्याचा, अर्ज टाकलेला, चोर म्हणजे टोळ्या आहेत, घर भाड्याचं, रूममेट म्हणतोय गप्प बस. काल रात्री झोप नव्हती म्हणून ब्रॅम्प्टन आणि टोरंटोच्या गाड्यांबद्दल जे मिळेल ते वाचत बसले. तुमच्या घरात दाराजवळ किल्ली ठेवलेली असते, तिचा सिग्नल बाहेर उभं राहून पकडतात आणि गाडीला वाटतं किल्लीच जवळ आली. मग म्हणे चोरलेली गाडी लगेच पुढे नेत नाहीत, एखाद्या पार्किंगमध्ये दोन-चार दिवस नुसती उभी करून ठेवतात, तिच्यात ट्रॅकर असेल तर कोणी शोधत येतंय का ते बघायला. मग कंटेनरमध्ये भरून मॉन्ट्रियलच्या बंदरात आणि तिथून जहाजाने आफ्रिकेत नाहीतर आखातात. २०२४ मध्ये त्याच बंदरात पोलिसांना ५९८ चोरीच्या गाड्या सापडल्या होत्या, बहुतेक तुमच्या ओंटारियोतल्याच. म्हणजे गाड्या सापडतात, बाळा. पण वेळेवर कोणीतरी काहीतरी सांगितलं तर. अंकलची गाडी जाऊन आज दुसरा दिवस आहे, ती अजून तुमच्याच गावात कुठल्यातरी पार्किंगमध्ये उभी असू शकते आणि तिच्यामागच्या गाडीचे तीन-चार आकडे तुझ्या मोबाइलमध्ये आहेत. बाबा म्हणतात, गाडी नाही मिळाली तरी इन्शुरन्सवाले शंभर प्रश्न विचारणार, किल्ली आत विसरली होती का, तुम्हीच कोणाला दिली का, तिथे हा व्हिडिओ अंकलच्या बाजूने बोलेल.

साक्षीदार झालं म्हणून कोणाचा पीआर अडत नाही, चोरी करणारा तू नाहीस, तू बघितलेलं सांगणारा आहेस. आणि तूच सांगितलंस की तिकडे पोलीस लिंक पाठवतात, व्हिडिओ त्यावर टाकायचा, कोणी तुझा डीव्हीआर उचलून नेत नाही. काकांना निदान तेवढी तरी अडचण होती. तुला काय आहे? नाव कळेल अशी भीती असेल तर पोलिसांनाच विचार की माझं नाव कुठे कुठे जाईल, ते सांगतील, मग ठरव. पण विचार तरी. रूममेटला माझा फोन दे, मी बोलते त्याच्याशी, त्याच्या आईशी बोलायचं तर तेही बोलते.

आणि ते अंकल कोण आहेत, विसरलास? पहिल्या जानेवारीत तुम्हा पोरांकडे बर्फ काढायचं फावडंसुद्धा नव्हतं, तेव्हा आपलं मशीन घेऊन तुमच्या दारातला बर्फ ज्यांनी काढून दिला, तूच व्हिडिओ कॉलवर खिडकीतून दाखवलं होतंस मला. आंटींनी तुला ताप आला तेव्हा खिचडी दिली होती. मी त्या बाईला बघितलेलं नाही, तिची भाषा मला धड येत नाही, पण त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावताना तिचं नाव घेतलं होतं.

बाबांना मी सगळं सांगितलं काल, चार्जिंगचं पण. ते काहीच बोलले नाहीत, उठून बाहेर गेले आणि पोर्चमध्ये ईकोपाशी उभे राहिले. आपण फॅब्रिकेशनवाल्याकडून सायलेन्सरला लोखंडी जाळी वेल्ड करून घेतली होती ना, ती हाताने हलवून बघत होते. मला ते बघवलं नाही.

आता तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ झाले असतील, अंकल जागे असतील. आधी तो व्हिडिओ मोबाइलमध्ये सेव्ह कर, क्लाउडवरचं काही दिवसांनी आपोआप उडतं असं तूच मागे म्हणाला होतास. कापाकापी करू नकोस, आधीचं-नंतरचं सगळं अख्खं ठेव, आणि घड्याळात वेळ बरोबर आहे का ते लिहून ठेव. मग अंकलकडे जा आणि खरं सांग, चार्जिंग उतरलं नव्हतं, मी घाबरलो होतो. एवढंच सांग, जास्त सफाई देऊ नकोस. ते रागावले तर ऐकून घे. आणि स्वतःच्या गाडीची किल्ली दारापासून लांब, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेव, स्टिअरिंगचं लॉक घे, पैसे मी पाठवते.

मी पाठवलेले बेसनाचे लाडू अजून असतील तर आंटींसाठी घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आलास की फोन कर, आज डबे माझी मी भरते, बाबा फोनपाशीच बसलेत.

तुझी आई