प्लॅस्टिकची नाणी आणि सव्वानऊची गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. २९ वर्षं घंटी वाजवली. माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. मराठीत याला ‘स्वमग्न’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मिरज स्टँडवर कुठल्या फलाटाला कुठली गाडी लागते हे ज्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तो स्वतःत मग्न कसा? असो, पत्राचा विषय तो नाही. विषय आहे तो अशा मुलांना रोजचं जगणं कुठं आणि कसं शिकवायचं, हा.

तो १८ वर्षांचा झाला आणि त्याची विशेष शाळा सुटली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयापुरताच लिहिला आहे. त्याच वर्षी बँकेला हवा म्हणून आम्ही पालकत्वाचा कागद काढला. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती असते, ती हा कागद देते. इतरांची मुलं अठराव्या वर्षी सज्ञान होतात, आमच्याला त्या वर्षी पुन्हा पालक नेमला गेला. मग वर्षभर तो घरात खिडकीशी बसून होता.

शाळेतल्या बाईंनी त्याला जीव लावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण बारा वर्षांत शिकला काय? मणी ओवणं, रंग भरणं, दिवाळीत पणत्या रंगवणं. त्या पणत्या आम्ही पालकच विकत घ्यायचो. पैसे मोजायलाही शिकवलं होतं, प्लॅस्टिकच्या नाण्यांवर. ते तो बिनचूक मोजायचा. पण किराणा दुकानात खरं दहाचं नाणं हातात आलं तेव्हा नुसता उलटसुलट करत राहिला. चूक त्याची नव्हती. दहाचं नाणंच चौदाहून जास्त नमुन्यांत चलनात आलंय, आणि त्यांतला एकही नमुना शाळेच्या डब्यात नव्हता. या मुलांचं असंच असतं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. शाळेच्या नळावर हात धुणारा मुलगा लग्नाच्या हॉलमधल्या नळासमोर अडतो. म्हणून शिकवायचं तर जिथं वापरायचं तिथंच शिकवावं लागतं.

हे मला कुणी तज्ज्ञाने आधी सांगितलं नाही. निवृत्त झालो, हाताशी वेळ होता, आणि मला येतं ते एकच, गाडी. म्हणून मिरज–सांगली शहरी गाडीपासून सुरुवात केली. आधी महिनाभर शेजारी बसलो. कामाचे तुकडे पाडले: पाटी वाच, उतरणाऱ्यांना उतरू दे, चढ, कार्ड दाखव, सवलतीचं तिकीट घे, तिकीट डाव्या खिशात. हे चित्रं काढून एका पुठ्ठ्यावर चिकटवलं. मग तीन सीट मागे बसायला लागलो. मग गाडीच्या मागे स्कूटरवरून. या वयात एसटीचा पाठलाग करताना ओळखीचे ड्रायव्हर हात करून हसायचे. शेवटी नुसता फोन. या सगळ्याला सात महिने लागले.

आता तो आठवड्यातून तीन दिवस सव्वानऊच्या गाडीने मार्केट यार्डाकडे जातो, एका ओळखीच्यांकडे हळदीच्या पुड्या भरतो. मिरचीचा खाट त्याला सोसत नाही, म्हणून फक्त हळद. पुडीमागे पैसे मिळतात. फार नाही मिळत, तो सावकाश भरतो. वजनात मात्र कधी चुकत नाही.

घरचं त्याच्या आईने शिकवलं. कुकरच्या शिट्टीला तो कान दाबून घरभर पळायचा. तिने शिट्टीची सवय लावत बसण्यापेक्षा भात पातेल्यात करायला शिकवला. मला ते तिचं शहाणपण वाटतं.

अडचणी वेगळ्याच निघतात. दुकानदाराने सुटे नाहीत म्हणून दोन रुपयांऐवजी चॉकलेट दिलं. हा घेईना आणि हलेनाही, अर्धा तास काउंटरसमोर उभा. दुकानदार चिडला, पण हिशेबाने कोण बरोबर होतं? दुसऱ्यांदा अनंत चतुर्दशीच्या आधी रस्ता बंद म्हणून गाडी वेगळ्या बाजूने वळवली. हा कान झाकून डोलायला लागला. लोकांना वाटलं, पिऊन आलाय. वाहकाने गळ्यातलं कार्ड वाचून मला फोन लावला, म्हणून निभावलं. त्या दिवशी समजलं की गाडी चुकली तर, वळली तर, बंद पडली तर काय करायचं, हा धडा मी शिकवलाच नव्हता. आता पुठ्ठ्यावर तेही चित्र आहे.

इथे एक कबूल करतो. मुलगा लहान असताना, त्याचं काही कळायच्या आधी, अशाच एका डोलणाऱ्या पोराला मी गाडीत जोरात खेकसलो होतो. त्याची आई काहीच बोलली नव्हती. तिचा चेहरा अजून आठवतो.

माझं मागणं मोठं नाही. विशेष शाळांत चौदाव्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस तरी शाळेबाहेर जावेत: स्टँड, बाजार, पोस्ट, बँक, दळणाची गिरणी. तो वेळ सहल म्हणून न धरता अभ्यासक्रमात धरावा, शिक्षकांच्या कामात मोजावा आणि सोबत जाणाऱ्या मदतनिसाचा पगार मंजूर व्हावा. आणि अठरा झाल्या दिवशी दाखला हातात ठेवू नये. आमच्या पोराला एक गाडी शिकायला सात महिने लागतात, तर कॅलेंडरकडे बघून त्याचं शिक्षण संपवायचं कसं?

मुलींचं तर याहून अवघड. पालक भीतीपोटी त्यांना बाहेरच काढत नाहीत, आणि ती भीती खोटी नाही. पण नको असलेला हात लागला तर ओरडायचं, हे घरात कोंडून शिकवता येत नाही. यावर एखाद्या आईनेच लिहावं, मी अधिकाराने बोलू शकत नाही.

सध्या तो कोल्हापूरची गाडी शिकतो आहे. मी तीन सीट मागे असतो.

आपला,
एक निवृत्त वाहक, मिरज