आधी डुगडुग शोधा, मग अलाइनमेंट करा

संपादक महोदय,

स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधी गाडीची काय काळजी घ्यावी याची एक चौकट होती. वायपर, ब्रेक, बॅटरी, सगळं बरोबर. पण ‘स्टिअरिंग सैल वाटल्यास व्हील अलाइनमेंट करून घ्यावे’ या ओळीवर, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याच्या सल्ल्यावर, मी अडले. हाच सल्ला ऐकून गेल्या वर्षी मी सात महिने आणि तेरा हजार रुपये घालवले, आणि शेवटी कुंभार्ली घाटात घामाघूम झाले. म्हणून हे पत्र.

मी कराडला राहते. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झाले. गाडी मारुती 800, एप्रिल 2004ची, यजमानांनी हौसेनं घेतलेली. ते गेल्यापासून मीच चालवते. लेक चिपळूणला दिली आहे, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी पाटण, कोयनानगर, हेळवाक करत घाट उतरणं आलंच. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रस्ता काय म्हणतो ते थेट हाताला कळतं. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर हाताला वेगळंच काही कळू लागलं.

पन्नासच्या पुढे गेलं की गाडी भरकटायची. रस्ता सरळ, हात सरळ, आणि गाडी मात्र जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे. सारखं सावरावं लागायचं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून ओव्हरटेक करायला बाहेर काढली की गाडी क्षणभर विचार करतेय असं वाटायचं. शिवाय ब्रेक दाबला की पायाखाली ‘टक’ असा एकच आवाज आणि डावीकडे ओढ.

पहिल्या ठिकाणी मशीनवर चढवून अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झालं. नऊशे रुपये, आणि रंगीत छापील कागद. सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे सगळं बरोबर. परत येताना मलकापूरपर्यंतही गाडी नीट आली नाही. दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, “मॅडम, टायर संपलेत.” टायर आतल्या कडेनं झिजले होते हे खरंच होतं. चार नवे टायर, पुन्हा अलाइनमेंट, बारा हजारांना शंभर रुपये कमी. आठ दिवस बरं वाटलं, मग येरे माझ्या मागल्या. टायर का झिजले, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. मलाही पडला नाही, हे कबूल करते. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मीच ओरडले असते.

आमच्याकडे तराजूचा पहिला नियम होता: तराजू ठेवायचा ते टेबल आधी डुगडुगत नाही ना, ते बघायचं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मिलिमीटर-अंशांत जुळवणं. ज्या सांध्यांवर ती चाकं बसली आहेत तेच सैल असतील, तर मशीनवर उभ्या गाडीचे आकडे हिरवे येतात आणि पहिल्या खड्ड्यात चाक स्वतःच्या मर्जीनं वळतं. मशीन खोटं बोलत नाही, पण गाडी तिथे उभी असते आणि मी तिला चालवत असते.

तिसऱ्या गॅरेजचा किस्सा जास्त गंभीर आहे. तिथे निदान झालं की रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं वळणं चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी, खेळतो, म्हणजे सैल झाला आहे. नवा रॅक साडेसहा हजारांना पडेल, तोवर ‘टाइट करून देतो’. रॅकला खेळ काढण्यासाठी एक स्क्रू असतो, तो आवळला. तीनशे रुपये. स्टिअरिंग घट्ट झालं, मी खूश. पण रॅक झिजतो तो मधल्या भागात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. कडेचे दाते तुलनेनं नवेच राहतात. मध्ये घट्ट बसेल इतका आवळला की कडेला तो अडकतो. हे मला कळलं ते कुंभार्लीच्या एका वळणावर. चाक पूर्ण वळवलं आणि हात सैल सोडला, तर एरवी आपोआप सरळ होणारं स्टिअरिंग तसंच आडवं राहिलं. समोर खोल दरी आणि वर येणारा टेम्पो. दोन्ही हातांनी ओढून आणलं. त्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून जे काही म्हटलं असेल ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

लेकीकडे पोचले आणि जावईबापूंना गाडी परत आणायला सांगितलं. तो स्क्रू कराडला आल्यावर आधी सोडवला.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. आता ते कुणाची गाडी घेत नाहीत, पण माझ्याकडच्या त्या हिरव्या कागदांचा गठ्ठा बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी आधी हवा मोजली. डाव्या मागच्या चाकात कमी होती. “पहिली हवा बघायची बाई, ती फुकट असते,” म्हणाले. मग बारदान अंथरून गाडीखाली गेले. गाडी जॅकवर नाही, चारही चाकांवर उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा लावलेल्या. मला आत बसवलं आणि सांगितलं, स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवत राहा, चाक वळवायचं नाही, नुसतं कुरकुरवायचं. (पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत हे इंजिन चालू ठेवून करतात, असंही त्यांनी सांगितलं. तेव्हा खाली हात घालणाऱ्यानं जास्त जपायचं.)

युक्ती एवढीच, की स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जितके सांधे आहेत त्या प्रत्येकावर हात ठेवत जायचं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या (कॉलमच्या) खालचा जॉइंट, रॅक ज्या पट्ट्यांनी बॉडीला धरला आहे त्या पट्ट्या, रॅकचं आतलं टोक, मग बाहेरचा टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तो गुन्हेगार. पाच मिनिटांत ते डाव्या टाय रॉड एंडवर थांबले. “इकडं या. इथं हात ठेवा. ही दांडी हलतीय, चाक हलतंय का?” चाक हलत नव्हतं. बोटाला चक्क टकटक लागत होती. सात महिन्यांत एकाही गॅरेजमध्ये कुणी गाडीखाली असा हात घातला नव्हता.

टाय रॉड एंड म्हणजे शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा. गोळा, वाटी, आत ग्रीस आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस जातं, चिखल-वाळू आत येते, आणि गाडी जितकी चालेल तितकी ती वाळू गोळ्याला घासून बारीक करते. माझ्या गाडीची डावी टोपी फाटून लोंबत होती.

पण ब्रेकवरच्या ओढीचं उत्तर हे नव्हतं. पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली घोडी लावून वस्तादांनी ते घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं, तर टाय रॉडचा खेळ दिसला. मग बारा आणि सहाला धरून हलवलं: काही नाही. तिथे खेळ असता तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोघांपैकी कोण, ते मला ब्रेक दाबायला लावून कळतं, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. आमच्याकडे दोन्ही शाबूत. मग त्यांनी पहार घालून पुढचा स्टॅबिलायझर बार रेटला, तर तो मागे-पुढे चांगला अर्धा इंच सरकला. या गाडीत तो बार नुसता गाडी कलू नये म्हणून नाही, चाक ज्यावर बसतं त्या खालच्या आर्मला (दांड्याला) पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. त्याचे रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या रबराच्या गाद्या, चपटे झाले होते. ब्रेक मारला की डावं चाक मागे सरकायचं, तोच ‘टक’, आणि गाडी तिकडे वळायची. दोन वेगळे आजार होते आणि आम्ही एकाच औषधाचे डोस वाढवत होतो.

दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, चारही बुश, मजुरी, आणि त्यानंतर (त्यानंतर!) एकदा अलाइनमेंट: सगळे मिळून 2,350 रुपये. रॅक जुनाच आहे आणि उत्तम आहे.

आता मुद्द्याचं. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 98 क्रमांकाचा नियम स्टिअरिंगचा आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. स्टिअरिंग व्हीलवर मोकळा खेळ (चाकं न हलता स्टिअरिंग जितकं फिरतं तो) 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, आणि सांध्यांवर रबराच्या टोप्या असाव्यात. 30 अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. माझ्या स्टिअरिंग व्हीलचा व्यास 37 सेंटिमीटर, म्हणजे कडेवर मोजलं तर जवळपास पावणेदहा सेंटिमीटर. दुरुस्तीआधी मी दोऱ्यानं आणि पट्टीनं खेळ मोजून ठेवला होता: साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 20 अंश. त्या आकड्याच्या हिशेबात माझी भरकटणारी गाडी निर्दोष! अवजड ट्रकला तीस अंश चालत असतील, पण साडेसहाशे-सातशे किलोंच्या, रॅकवर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या गाडीत ते कुणी चालवून दाखवावेत. मी त्या गाडीत बसणार नाही.

टोपीच्या कलमात मात्र मी साफ नापास होते. आणि ते कुणी पाहिलं? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. 2019ला आमचे सहाशे रुपये लागले होते, 2024ला पाच हजार. वाढीव पैशांबद्दल तक्रार नाही, जुनी गाडी ठेवायची तर द्यावेत. पण 2024च्या तपासणीत चेसिस नंबरची पेन्सिलनं छाप घेतली, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला आणि सही झाली. स्टिअरिंग तेव्हाही थोडं खेळत होतं, मी आपणहून सांगितलंही. “काकू, वीस वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच.” मागे रांग मोठी होती, ऊन होतं, तपासणारा एकटा होता, त्याला दोष देत नाही.

परंतु एकानं स्टिअरिंग कुरकुरवायचं आणि दुसऱ्यानं वाकून दोन्ही टोप्या पाहायच्या, याला दोन मिनिटं लागतात आणि यंत्र काहीच लागत नाही. खेळ किती सेंटिमीटर निघाला तो आकडा तपासणीच्या कागदावर लिहिला जावा. छोट्या गाड्यांसाठी 30 अंशांची मर्यादा खाली आणावी. ती कितीवर आणावी हे तज्ज्ञांनी ठरवावं, मी फक्त इतकंच सांगते की वीस अंशांवर घाट उतरवत नाही. आणि गॅरेजवाल्यांना विनंती: बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. माझा जुना टाय रॉड एंड मी शाळेत नेऊन दिला. तिथे तो सांगाड्याच्या खांद्याशेजारी ठेवला आहे.

माझ्या स्टिअरिंगवर पांढऱ्या चिकटपट्टीची एक खूण अजून आहे. दर महिन्याच्या एक तारखेला दोरा धरून मोजते आणि दिनदर्शिकेत लिहिते. या महिन्याचा आकडा दीड सेंटिमीटर. एप्रिल 2029ला गाडी पुन्हा तपासणीला न्यायची आहे. तोवर त्या कागदावर हा आकडा लिहायला एक रकाना छापला जावा.

आपली,
एक जुनी वाचक, कराड