स्पेलिंग घोकवण्याआधी शब्दाची फोड शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सदाशिव पेठेतून नवी पेठेकडे जाताना भिंतींवर आणि खांबांवर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी राहण्याच्या सोयीच्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात आणि त्यांतील अनेक जाहिरातींत ‘अकोमोडेशन’मधला एक एम गळालेला असतो. सोसायट्यांच्या सूचना फलकांवर ‘मेंटेनन्स’ या शब्दात ‘मेंटेन’ अख्खाच्या अख्खा शिरतो. अशा चुकांना हसण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मुळीच मान्य नाही, कारण हा दोष लिहिणाऱ्याचा कमी आणि आपल्या शाळांतील शिकवण्याच्या पद्धतीचा अधिक आहे.

मराठीत आपण बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे लिहितो, त्यामुळे इंग्रजी शब्दही मूल कानावर विसंबूनच लिहिते. इंग्रजीचे तसे नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले, पण स्वरांचे उच्चार मात्र त्यानंतरही बदलत राहिले. शिवाय कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून बी या अक्षराविनाच आला होता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी त्यात बी घातला. पावतीच्या ‘रिसीट’मधला पी असाच आलेला आहे.

हे सारे ठाऊक नसलेल्या मुलाला चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावून काय साधते? त्याऐवजी शब्दाची फोड दाखवावी. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो, हे व्यंजनसंधीत शिकलेल्या मुलाला लॅटिनमधील ‘अॅड’पुढे सी आला की त्याचा ‘अॅक’ होतो, हे लगेच उमगेल. त्याला ‘कॉम’ आणि ‘मोडस’ जोडले की ‘अकोमोडेशन’मधले दोन सी आणि दोन एम आपोआप हाती लागतात. ‘सेपरेट’ आणि ‘प्रिपेअर’ एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत, म्हणून दोहोंत पीनंतर ए येतो. बोलताना आपण सर्रास ‘गव्हर्मेंट’ म्हणतो, पण मूळ क्रियापद ‘गव्हर्न’ आहे हे सांगितले की एन सुटत नाही. ‘सस्टेन’चे ‘सस्टेनन्स’ होताना जो बदल होतो, तोच ‘मेंटेनन्स’मध्येही होतो.

मोबाइल चुका सुधारतो, मग हा खटाटोप कशाला, असे काही पालक विचारतात. पण लेखनसाहित्य विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर ‘स्टेशनरी’मध्ये शेवटच्या ईऐवजी ए पडला, तर ‘स्थिर’ या अर्थाचा दुसराच शब्द तयार होतो आणि तोही कोशात असल्यामुळे त्याखाली लाल रेघ सहसा उमटत नाही. मध्ययुगात विद्यापीठांच्या गावी फिरस्ते न राहता एका जागी दुकान मांडणारा पुस्तकविक्रेता तो ‘स्टेशनर’, आणि त्याचा माल ती ‘स्टेशनरी’. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तके घेत वाढलेल्या पुण्याच्या मुलांना ही माहिती एकदा सांगितली, तर ती एन आणि आर यांच्यामधला ई विसरणार नाहीत.

माझी आपल्याला विनंती आहे, की येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हापासून आपल्या दैनिकाने आठवड्यातून एक लहानशी चौकट यासाठी द्यावी. तीत एकच शब्द, त्याची फोड आणि त्याचे दोन-तीन सगेसोयरे शब्द असावेत. मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षकांना ते कात्रण थेट वर्गात वापरता येईल.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे