श्रूजबरीहून आईला

श्रूजबरी, इंग्लंड,
१५ डिसेंबर २०२४, रविवार

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी तुझ्या रांगोळीचा विषय काढला की तू "बघू गं" म्हणतेस आणि इराच्या खोकल्यावर येतेस. म्हणून कागदावर लिहिते आहे. हे पोचेपर्यंत नाताळ उलटून गेलेला असेल. चालेल, कारण मला जे मागायचंय ते संक्रांतीसाठी आहे.

वहिनी सांगत होती, यंदा दिवाळीत दारात स्टिकरची रांगोळी चिकटवली होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तुला खाली बसता येत नाही, हे मला कळतं. तरी आपल्या नारायण पेठेतल्या दारात स्टिकर, हे ऐकल्यावर दिवसभर मला काही सुचलं नाही. उदबत्तीने भोकं पाडलेला तो वर्तमानपत्राचा कागद अजून देवघराच्या वरच्या फळीवर आहे का? तू तो अंथरायचीस, वरून रांगोळी फिरवायचीस आणि दोन्ही कोपरे धरून अलगद उचललास की खाली ठिपक्यांच्या ओळी. मी आणि दादा श्वास रोखून बघायचो. तो कागद टाकू नकोस.

आता इथलं सांगते.

कालचा सगळा दिवस आम्ही सुंठीचे बाहुले केले. जिंजरब्रेड मॅनला, म्हणजे माणसाच्या आकाराच्या सुंठीच्या बिस्किटाला, इराने हेच नाव दिलं आहे. इथे डिसेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडतो. नदीवरून धुकं चढतं, रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा वेळी ओव्हन लागला आणि सुंठ, दालचिनी, लवंग यांचा वास घरभर पसरला की मला थेट आपलं संक्रांतीच्या आदल्या दिवशीचं स्वयंपाकघर आठवतं. किसलेला चिक्कीचा गूळ, भाजलेले तीळ, तव्यावर गुळपोळी फुटल्यावरचा तो जळका गोड वास. डोळे मिटले तर फरक कळू नये.

शिकवलं ते पलीकडच्या घरातल्या आजीबाईंनी. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. इरा त्यांना ग्रॅनी म्हणते, आता मीही म्हणते. त्या मूळच्या मार्केट ड्रेटनच्या. हे गाव इथून वीसेक मैलांवर आहे आणि जिंजरब्रेडसाठी नावाजलेलं आहे. तिथलं जिंजरब्रेड बोटांसारखं लांबट असतं आणि ते पोर्ट वाइनमध्ये बुडवून खायची रीत आहे, आपण चहात खारी बुडवतो तसं. प्लासीची लढाई जिंकणारा रॉबर्ट क्लाइव्ह १७२५ मध्ये जन्मला तो याच गावाजवळ. इथे श्रूजबरीच्या चौकात त्याचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून जाताना मला बरं वाटत नाही, मी पलीकडच्या बाजूने जाते.

आणि श्रूजबरीच्या बिस्किटांचं तुला सांगायचं राहूनच गेलं होतं. बाबा कॅम्पातून, ईस्ट स्ट्रीटच्या कयानी बेकरीतून रांगेत उभे राहून ज्याचा पुडा आणायचे, त्या बिस्किटाच्या नावाच्या गावात मी राहते आहे, याचं मला अजून नवल वाटतं. इथे कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे, की १७६० मध्ये पेलिन नावाच्या माणसाने इथे श्रूजबरी केक केले. आपली कयानी १९५५ ची. पण चवीत मेळ नाही. इथली जुन्या पद्धतीची बिस्किटं पातळ आणि कुरकुरीत, कधी गुलाबपाणी घातलेली, कधी लिंबाची साल किसून. लोण्याने भरलेलं, तोंडात विरघळणारं ते पुण्याचंच. बाबांना सांग, माझं मत ठाम आहे.

तर ग्रॅनी. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दाखवली जी मी तुझ्याकडे पाहिली नव्हती. काळा ट्रीकल आणि गोल्डन सिरप मोजायच्या आधी चमच्याला तेलाचं बोट फिरवतात. मग तो चिकट पाक चमच्यावरून सरळ घसरून खाली येतो, थेंब राहत नाही. हा ट्रीकल म्हणजे साखर कारखान्यातल्या मळीचा चुलतभाऊ, काळा आणि कडवट. गोल्डन सिरप फिकं आणि गोड. दोन्ही जिभेवर एकत्र ठेवलं आणि मला काकवी आठवली. आई, काकवीत दोन्ही आहे, गोडी आणि ती मागून येणारी गडद चव. म्हणून माझी खात्री आहे की पुण्यात हे बाहुले इथल्यापेक्षा चांगले होतील.

ग्रॅनी म्हणाल्या, फार पूर्वी हे भाजतसुद्धा नसत. शिळ्या पावाचा चुरा, मध आणि मसाले एकत्र आटवून वड्या पाडत. मैदा, लोणी, ट्रीकल हे सगळं नंतरचं. लाकडी साच्यात दाबून आकार देत, आपल्या पाडव्याच्या गाठींसारखं, आणि श्रीमंतांकडे वर सोन्याचा वर्ख लावत. राणी पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात पाहुण्यांच्या चेहऱ्यामोहऱ्याचे बाहुले करून वाढत, असं सांगतात. हे ऐकल्यापासून इरा प्रत्येक बाहुल्याला कुणाचं ना कुणाचं नाव देते. कालच्या खेपेत एक तू होतीस. तुझ्या बाहुलीला हिरव्या बांगड्या काढल्या होत्या, दोन्ही हातांत चार चार.

सुंठीबद्दल माझ्या औषधशास्त्राच्या अभ्यासातलं एक सांगते, तुला आवडेल. तू नेहमी म्हणायचीस की सर्दीला आल्यापेक्षा सुंठ भारी. ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं. आलं वाळताना त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगॉल होतं, आणि शोगॉल त्याच्याहून बरंच तिखट. बिस्किटात ओलं आलं किसून घातलं तर पाणी सुटतं आणि तिखटपणा कमी होतो, म्हणून सुंठच हवी. इथे काचेच्या बाटलीत मिळणारी फार फिकी निघते. मी तू दिलेल्या पुडीतली वापरते. ती आता संपत आली आहे.

पहिल्या वर्षी माझं फसलं होतं. पीठ भिजवलं, लगेच लाटलं, लगेच कापलं. ओव्हनमध्ये लोणी वितळलं आणि बाहुले पसरून एकमेकांना चिकटले, हात कुणाचा, पाय कुणाचा कळेना. इरा तेव्हा चार वर्षांची होती, रडली. ग्रॅनींनी येऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, की पीठ झोपलं नाही. दोन तास फ्रिजमध्ये झोपू दे. तू अनारशाच्या पिठाला "मुरू दे" म्हणायचीस ना, तसंच.

आता मूळ मुद्दा.

ग्रॅनींचा हात थरथरतो. कप धरला तरी बशीत चहा सांडतो. बिस्किटं गार झाल्यावर आइसिंगचा कोन मी त्यांच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, जमणार नाही. त्यांनी खुर्ची टेबलाला लावली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात धरलं आणि श्वास सोडता सोडता रेघ ओढली. सरळ. मग एक ठिपका, मग दुसरा. एकदा चुकलं तेव्हा ओल्या कुंचल्याने पुसून टाकलं आणि पुन्हा काढलं. तासभरात सोळा बाहुले झाले. मी बघत होते आणि मला तू दिसत होतीस, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, खुर्चीवर, गुडघे न वाकवता.

आई, हे आइसिंग म्हणजे ओली रांगोळी आहे. कोन मेंदीचा असतो तसाच, टोक सुईएवढं कापायचं. मुंजी-लग्नांना सईच्या मेंदीचे कोन तू घरी वळतेस, तुला वेगळं शिकावं लागणार नाही. ठिपके जोडायचे असोत की गोपद्मं काढायची, शंख, कासव, ज्ञानकमळ, सगळं हातभर अंगणाऐवजी वीतभर बिस्किटावर. बाहुलेच करायला हवेत असं कुठे आहे? वाटीने गोल काप.

अंड्याचं मनात आलं असेल तुझ्या. इथे आइसिंगमध्ये अंड्याचा पांढरा बलक घालतात. त्याच्याऐवजी काबुली चणे बिनमिठाचे शिजवून उरलेलं दाट पाणी घे. थंड करून हँड मिक्सरने फेटलंस की पांढराशुभ्र फेस येतो. मी स्वतः करून पाहिलं आहे, चण्याचा वास राहत नाही. तीन मोठे चमचे पाण्याला पाव किलोच्या वर पिठीसाखर लागते, थोडी थोडी घालत जा, दोन थेंब लिंबू पिळ. साखर मात्र वस्त्रगाळ हवी. एक कणी राहिली तरी कोनाचं तोंड बुजतं. रेघांसाठी घट्ट ठेव. आत भरायला थोडं पाणी घालून सैल कर. चमच्याने रेघ मारली की मनात दहा मोजेपर्यंत ती बुजली पाहिजे. तुला पाकाचा तार बोटांवर कळतो, हेही कळेल. वाटीवर सतत ओलं फडकं ठेव, नाहीतर वर पापुद्रा येतो.

पिठाचं प्रमाण वहिनीसाठी लिहिते, लाटायचं काम तिचं. सव्वाशे ग्रॅम लोणी, दीडशे ग्रॅम किसलेला गूळ आणि चार मोठे चमचे काकवी मंद आचेवर फक्त विरघळवायची, उकळायची नाही. गाळून घ्यायची, गुळात खडा असतो. कोमट झाल्यावर साडेतीनशे ग्रॅम मैद्यात ओतायची. मैद्यात आधी दोन लहान चमचे सुंठपूड, एक चमचा दालचिनीची पूड, चार-पाच लवंगांची पूड, चिमूटभर मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा चाळून घ्यायचा. अंड्याच्या जागी दोन-तीन चमचे घट्ट दही. काकवीत आंबटपणा असतो आणि दह्यातही, त्यामुळे सोडा फुलतो. दोन तास फ्रिजमध्ये. मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये, थालीपिठाहून थोडं पातळ लाटायचं. कापल्यावर ताटलीसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं तर कडा रेखीव राहतात. कडेला नक्षी हवी असेल तर करंजीचं कातणं फिरव. मी तुझं पितळी कातणंच वापरते, ग्रॅनींना ते इतकं आवडलं की त्या हातात घेऊन बसतात.

वहिनीच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर दहा ते बारा मिनिटं. कडा जरा गडद झाल्या की बाहेर काढायचं. तेव्हा मऊच लागतात, म्हणून पुन्हा आत ढकलू नका. नानकटाईचं आठव. लहानपणी आपण तूप, साखर, मैदा डब्यात घालून भट्टीवर न्यायचो, आणि भट्टीवाले काका गरम पत्रे बाहेर काढून म्हणायचे, "हात लावू नका, अजून व्हायची आहेत." अगदी तेच. पूर्ण गार झाल्याशिवाय कोन हातात घेऊ नकोस, नाहीतर रेघ ओघळते. सजवल्यावर रात्रभर उघडीच वाळू देत. पुण्याची जानेवारीतली कोरडी हवा त्याला फार चांगली आहे. इथल्या दमट हवेत माझे बाहुले डबा बंद ठेवूनही आठवड्यात मऊ पडतात.

संक्रांत १४ जानेवारीला आहे. ओमचं बोरन्हाण या वर्षी करायचंय असं दादा म्हणाला. हलव्याचे दागिने तू इराला केले होतेस, परातीत एकेका तिळावर पाक सोडून काटा फुलवत, चार दिवस. ते आता करू नकोस, निखाऱ्यापाशी बसणं तुला झेपणार नाही, दागिने तुळशीबागेतून आणता येतील. पण बोरं, चुरमुरे, ऊस यांच्याबरोबर ओमच्या डोक्यावरून पडायला तुझ्या हातची छोटी छोटी बिस्किटं असावीत, रुपयाएवढी, प्रत्येकावर एकेक गोपद्म. सईला शेजारी बसव. ती ठिपके देईल, तू जोड. पहिली दहा बिघडतील, ती बाबांना दे.

निखिल बरा आहे. त्याला या आठवड्यात रात्रपाळी आहे. शुक्रवार हा इराच्या शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, त्या दिवशी वर्गात ती तीस बाहुले नेणार आहे. प्रत्येकावर वर्गातल्या मुलाचं नाव देवनागरीत लिहायचं तिने ठरवलं आहे, आणि "ज्ञ" असलेलं कुणीच नाही म्हणून हिरमुसली आहे.

बाबांना सा. न. दादा-वहिनींना नमस्कार. सई, ओमला गोड पापा.

तुझी,
मेघा

ता. क. पार्सलमधून बाहुल्याचे दोन साचे आणि बारीक टोकाचा कुंचला वेगळा पाठवते आहे. आणि त्या कागदावरच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजून कळव. सात इंची बिस्किटावर किती ठिपके बसतील, ते इराला काढायचं आहे.